आधी भरपाई, मग वाटणी
(प्रस्तावना)

वकिलीच्या तिसऱ्या वर्षी मी एका विमा कंपनीच्या वतीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात एक प्रकरण चालवले. ऊसतोडणीच्या हंगामातली रात्र होती. टायर फुटल्यामुळे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर भर रस्त्यात उभा होता आणि मागून आलेली वडापची जीप मागच्या ट्रॉलीवर आदळली. चालकाशेजारी बसलेला गवंडी जागीच गेला. त्या स्पॉट पंचनाम्यातल्या दोन ओळी मला आजही पाठ आहेत. पहिली : ‘ट्रॉलीचे मागील बाजूस रिफ्लेक्टर अगर लाल कापड दिसून आले नाही.’ तिच्याखाली दुसरी : ‘जीपचे ब्रेक मारल्याच्या खुणा मिळून आल्या नाहीत.’

मी जीपच्या विमा कंपनीचा वकील. साहजिकच माझा सगळा भर पहिल्या ओळीवर होता. ट्रॅक्टरमालकाची उलटतपासणी घेतली, पंचाला दोनदा तीच ओळ वाचायला लावली. निकालात जीपचालकाचा दोष ६० टक्के आणि ट्रॅक्टरमालकाचा ४० टक्के ठरला, आणि ज्याने त्याने आपापल्या हिश्शापुरतीच रक्कम भरावी असा आदेश झाला. कंपनीची ४० टक्के रक्कम वाचली. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

तीन वर्षांनी त्याच इमारतीच्या व्हरांड्यात त्या गवंड्याची बायको भेटली. हातात प्लास्टिकची पिशवी, आत कागदांचा गठ्ठा. ट्रॅक्टरचा विमा अपघाताआधीच संपलेला होता. तिने वसुलीसाठी दरखास्त लावली, पण तोवर ट्रॅक्टर विकला गेला होता आणि जमीन भावाच्या नावावर होती. ‘जप्तीलायक मालमत्ता मिळून आली नाही’ असा बेलिफाचा अहवाल आला होता. तिने मला ओळखले. म्हणाली, “वकीलसाहेब, तवा तुमीच हुता न्हवं? त्या चाळीस टक्क्यांचं काय झालं वो?”

मी तिला काही उत्तर देऊ शकलो नाही. तो ६०:४० चा आकडा मीच मिळवला होता. हे पुस्तक त्या प्रश्नातून निघाले आहे, आणि म्हणून त्याची सुरुवात कायद्याच्या कलमापासून न करता त्या व्हरांड्यापासून करतो आहे.

एकाच नुकसानीला दोन, तीन किंवा दहा जण कारणीभूत असतात, तेव्हा न्यायालयासमोर दोन प्रश्न येतात. ज्याचे नुकसान झाले त्याला पैसे कोणी द्यायचे, हा पहिला. देणाऱ्यांनी तो भार आपसात कसा वाटून घ्यायचा, हा दुसरा. दिसायला हे एकाच प्रश्नाचे दोन तुकडे वाटतात आणि गफलत तिथेच होते. माझे ठाम मत असे, की हे दोन प्रश्न वेगळेच ठेवले पाहिजेत आणि याच क्रमाने सोडवले पाहिजेत. दुसऱ्याचे उत्तर पहिल्यात मिसळले की दोषी माणसांमधल्या हिशेबातली बुडीत बाकी निर्दोष माणसाच्या खात्यावर येते. त्या बाईच्या बाबतीत नेमके तेच झाले. तिचा नवरा गाडी चालवत नव्हता आणि ट्रॉली रस्त्यात उभी करणाराही तो नव्हता. तरी ४० टक्के तोटा तिने सोसला.

शब्दांचा घोळ इथे फार नडतो, म्हणून ते आधीच स्पष्ट करतो. जखमी माणसाची स्वतःचीही चूक असेल तर तो ‘सहभागी निष्काळजीपणा’. तिथे त्याच्या चुकीच्या प्रमाणात त्याची भरपाई कमी होते, आणि ते रास्त आहे. दुचाकीस्वार उलट्या बाजूने आला आणि ट्रकने त्याला उडवले, तर दोघांचा दोष मोजावा लागतो. पण जखमी माणूस पूर्ण निर्दोष आहे आणि इतर दोघा-तिघांच्या चुका मिळून त्याला इजा झाली आहे, तर तो ‘संयुक्त निष्काळजीपणा’. जीपमधला प्रवासी, रस्त्याकडेला उभा असलेला पादचारी, बसमधली शाळकरी मुले ही सगळी या दुसऱ्या प्रकारात मोडतात. नावे सारखी वाटतात, परिणाम अगदी वेगळे आहेत. पहिल्या प्रकारातली टक्केवारी दुसऱ्या प्रकारात लावण्याची चूक आपल्याकडे वर्षानुवर्षे होत आली.

मे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने न्यू इंडिया अॅश्युरन्स कंपनीच्या एका प्रकरणात हा घोळ निस्तरला. बस आणि ट्रेलर-ट्रकच्या टकरीचे ते प्रकरण होते. न्यायालयाने सांगितले, की संयुक्त निष्काळजीपणात दोषी पक्षांची जबाबदारी वैयक्तिक व संयुक्त असते. अर्जदार दोघांवर दावा लावू शकतो, हवे तर एकावरच लावू शकतो, आणि पूर्ण रक्कम कोणाही एकाकडून वसूल करू शकतो. अर्जदाराच्या संदर्भात हिस्से पाडता येत नाहीत. सगळे दोषी पक्ष समोर असतील आणि पुरावा पुरेसा असेल, तर त्यांच्यातले प्रमाण न्यायाधिकरणाने जरूर ठरवावे, म्हणजे ज्याने जास्त भरले त्याला दुसऱ्याकडून त्याच प्रकरणाच्या अंमलबजावणीत वसूल करता येईल. एखादा पक्ष समोरच नसेल, तर त्याच्या पश्चात त्याचा हिस्सा ठरवू नये. भरणाऱ्याने त्याच्यावर वेगळी कार्यवाही करावी.

हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला ती प्लास्टिकची पिशवी आठवली.

पण २०१५ च्या आधीही हे तत्त्व आपल्या न्यायालयांना अनोळखी नव्हते. त्याचे सगळ्यात ठसठशीत उदाहरण दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाचे आहे. या पुस्तकातली दोन प्रकरणे मी त्यालाच दिली आहेत, कारण दोषाची वाटणी म्हणजे काय हे इतक्या उघडपणे दाखवणारे दुसरे प्रकरण मला माहीत नाही.

१३ जून १९९७, शुक्रवार. ‘बॉर्डर’चा दुपारचा खेळ चालू होता. इमारतीच्या तळमजल्यावर, गाड्या लावायच्या जागेत, दिल्ली विद्युत मंडळाचा ट्रान्सफॉर्मर होता. त्याच दिवशी सकाळी सातच्या सुमारास त्यात आग लागून विझली होती. मंडळाच्या कर्मचाऱ्यांनी येऊन दुरुस्ती केली, पण केबलचे टोक योग्य यंत्राने न दाबता हातोडीने ठोकून बसवले. संध्याकाळी पाचच्या सुमारास ती केबल निखळली, ठिणग्या उडाल्या, ट्रान्सफॉर्मरचे तेल सांडून पेटले आणि जवळ दाटीने लावलेल्या मोटारींना आग लागली. इथवर चूक मुख्यतः वीज मंडळाची.

आता वरच्या मजल्यावर चला. धूर जिन्यातून आणि वातानुकूलन यंत्रणेतून बाल्कनीत शिरला. खालच्या सभागृहातले प्रेक्षक बाहेर पडले. बाल्कनीत मात्र उजव्या बाजूची वाट आठ आसनांचा खास कक्ष बांधून बंद केलेली होती. जाण्यायेण्याच्या वाटेत जादा खुर्च्या बसवलेल्या होत्या. दाराला कडी होती. आग लागल्याची घोषणा झाली नाही, बाहेर जायचा रस्ता दाखवणारे दिवे लागले नाहीत. ५९ माणसे गुदमरून मेली, १०३ जखमी झाली.

मग दोष कोणाचा? आग लावणाऱ्याचा, की वाट अडवणाऱ्याचा? की असे चित्रपटगृह चालू द्यायला वर्षानुवर्षे कागदावर सही करणाऱ्यांचा? दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ मध्ये जे हिस्से ठरवले त्यात चित्रपटगृहाच्या परवानाधारकाकडे ५५ टक्के आले आणि वीज मंडळ, महानगरपालिका व परवाना देणारे पोलीस खाते यांच्याकडे प्रत्येकी १५ टक्के. सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०११ च्या निकालात महानगरपालिका आणि परवाना अधिकारी यांना भरपाईतून मोकळे केले. उरलेल्या दोघांत परवानाधारकाचा हिस्सा ८५ टक्के आणि वीज मंडळाचा १५ टक्के धरला. पण त्याच निकालात हेही लिहिले, की पीडितांच्या बाबतीत या दोघांची जबाबदारी वैयक्तिक व संयुक्त आहे. ८५:१५ हे प्रमाण त्यांच्या आपसातल्या हिशेबापुरते आहे. म्हणजे पहिला प्रश्न आधी, दुसरा नंतर.

८५ हा आकडा कुठून आला, असे विद्यार्थी मला विचारतात. तो कुठल्या सूत्रातून येत नाही. न्यायाधीश दोन गोष्टी तोलतो : नुकसान घडवण्यात त्या चुकीचा हात किती, आणि ती चूक किती निंद्य. ट्रान्सफॉर्मर पेटला म्हणून आग लागली, हे खरे. पण दार उघडे असते, वाट मोकळी असती, कोणी एक हाक दिली असती, तर बाल्कनीतली माणसे खाली उतरली असती. माणसे मेली ती अडल्यामुळे. त्यात ही अडवणूक हातोडीच्या घावासारखी त्या दिवशी घडलेली नव्हती. चार तिकिटे जास्त विकता यावीत म्हणून ती ठरवून केलेली होती. म्हणून पारडे तिकडे झुकले, आणि ते योग्यच झुकले असे मी मानतो.

परवाना देणाऱ्यांच्या वाट्याला मात्र अखेरीस शून्य यावे, हे मला आजही सलते. सार्वजनिक संस्थेने काम नीट केले नाही एवढ्याने ती भरपाईला बांधली जात नाही, असा त्यामागचा विचार आहे. त्याची कारणे मला समजतात. ती मी तिसऱ्या प्रकरणात प्रामाणिकपणे मांडली आहेत. तरीही ज्याच्या सहीशिवाय तो खेळ लागू शकला नसता, त्याला हिशेबातून वगळणे मला पटलेले नाही.

इतिहासात फार शिरत नाही. १७९९ साली इंग्लंडमध्ये मेरीवेदर विरुद्ध निक्सन या प्रकरणात एक गिरणी आणि तिची यंत्रे यांच्या नुकसानीबद्दल दोघांविरुद्ध ८४० पौंडांचा हुकूमनामा झाला होता आणि सगळी रक्कम एकट्याकडून वसूल केली गेली. त्याने दुसऱ्याकडे अर्धे मागितले. न्यायालय म्हणाले, एकत्र आगळीक करणाऱ्यांचे आपसातले हिशेब आम्ही सोडवणार नाही. १३६ वर्षे हा नियम टिकला. १९३५ च्या कायद्याने इंग्लंडने तो टाकला. आपल्याकडे असा वेगळा कायदा झाला नाही, पण नागपूर आणि अलाहाबाद या उच्च न्यायालयांनी स्वातंत्र्याच्या आगेमागेच तो नियम इथल्या न्यायबुद्धीला धरून नाही म्हणून नाकारला. नागपूरच्या त्या निकालाचा विदर्भातल्या वकिलांनी अभिमान बाळगावा.

आता विरुद्ध बाजू. ती हलकी नाही. अमेरिकेत फ्लोरिडामधल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये १९७१ साली छोट्या मोटारींच्या खेळात एका तरुणीच्या गाडीला तिच्याच वाग्दत्त वराने मागून धडक दिली. ज्युरीने दोष ठरवला तो असा : तिचा स्वतःचा १४ टक्के, त्याचा ८५ टक्के आणि डिस्नेचा १ टक्का. नुकसान ७५,००० डॉलर. दावा डिस्नेवर होता, म्हणून तिचे १४ टक्के वजा करून उरलेले ८६ टक्के डिस्नेने भरायचे ठरले, आणि १९८७ मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. एक टक्का दोष, शहाऐंशी टक्के भार! यावरून तिथे मोठी ओरड झाली. कॅलिफोर्नियाने त्याआधीच, १९८६ मध्ये, जनमताने मधला मार्ग काढला होता : दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी यांची जबाबदारी संयुक्त, पण वेदनेच्या आणि मनस्तापाच्या भरपाईत ज्याचा त्याचा हिस्सा. फ्लोरिडाने पुढे संयुक्त जबाबदारीच काढून टाकली.

हे उदाहरण मी विमा कंपन्यांच्या वकिलांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे, आणि एकेकाळी स्वतःही दिले आहे. त्यात एक गोष्ट नजरेआड होते. त्या प्रकरणात तरुणीचीही थोडी चूक होती, आणि ८५ टक्के दोषी असलेला माणूस तिच्या घरचाच होता. जीपमधल्या गवंड्याचे तसे काय होते? शिवाय एक टक्का दोष म्हणजे शून्य दोष नव्हे. तो एक टक्का नसता तर अपघात झाला असता का, हा प्रश्न आधी सुटलेला असतो. नसता झाला, म्हणूनच तो पक्ष हिशेबात आलेला असतो. दोषींपैकी एकजण पैसे भरू शकत नाही, ही जोखीम कोणावर तरी पडणारच आहे. ती थोड्या दोषी माणसावर टाकायची की अजिबात दोषी नसलेल्यावर? मी माझे उत्तर दिले आहे. आपल्या देशात, जिथे निम्मा वाद विमा संपलेल्या आणि परवाना नसलेल्या गाड्यांचाच असतो, तिथे तर मला दुसरे उत्तर दिसत नाही.

अमेरिकेतल्या आणखी दोन निकालांनी मला फार शिकवले. १९४८ साली कॅलिफोर्नियात दोन शिकारी लाव्यावर एकाच वेळी गोळी झाडतात आणि छर्रा तिसऱ्या सोबत्याच्या डोळ्यात जातो. छर्रा कोणाच्या बंदुकीचा, हे सांगणे अशक्य. न्यायालय म्हणाले, तो आपला नव्हे हे ज्याचे त्याने सिद्ध करावे. नाही जमले तर दोघेही जबाबदार. १९८० मध्ये तिथेच याहून अवघड पेच आला. गर्भपात टळावा म्हणून आयांना दिलेल्या एका संप्रेरकाच्या गोळ्यांमुळे त्यांच्या मुलींना मोठेपणी कर्करोग झाला होता. सुमारे २०० कंपन्यांनी ते औषध बनवले होते आणि आईने कोणाची गोळी घेतली हे वीस वर्षांनी कोण सांगणार? न्यायालयाने बाजारातला ज्याचा जेवढा वाटा, तेवढा त्याचा भार, असा तोडगा काढला. सदोष वस्तूच्या कायद्यात वाटणीची कल्पना किती ताणता येते, हे यात दिसते.

आणि सदोष वस्तूंचा विषय आपल्यापासून दूर नाही. जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात उपचारासाठी आलेले १४ रुग्ण ग्लिसरॉल पाजल्यानंतर मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. त्या बाटल्यांत डायइथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगापुढे ती बाटली मागे मागे नेण्यात आली : वॉर्डातून रुग्णालयाच्या भांडारात, तिथून पुरवठादाराकडे, तिथून बनवणाऱ्याकडे, आणि आडवाटेने अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात आणि मंत्रालयात. प्रत्येक पायरीवर कोणीतरी एक तपासणी टाळली होती. बारभाईंच्या कारभारात जे होते तेच झाले. सगळ्यांचे काम म्हणून कोणीच ते केले नाही. तो अहवाल मराठी वाचकाने जरूर वाचावा. औषधाच्या बाटलीमागे किती हात असतात, हे त्यातून कळते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने सदोष वस्तूच्या जबाबदारीला पहिल्यांदा स्वतंत्र प्रकरण दिले. २० जुलै २०२० पासून तो अमलात येऊ लागला. उत्पादक, सेवा देणारा आणि विक्रेता यांच्यावर जबाबदारी केव्हा येते, ते त्याच्या कलम ८४ ते ८६ मध्ये वेगवेगळे सांगितले आहे. उत्पादकाची जबाबदारी कडक. सीलबंद पुडा जसाच्या तसा विकणाऱ्या वाण्यावर ती सहसा येत नाही. पण त्याने मालात बदल केला, स्वतःची वेगळी हमी दिली, धोक्याची सूचना गिऱ्हाइकापर्यंत पोचवली नाही, किंवा उत्पादकाचा पत्ताच लागत नसेल, तर येते. या शेवटच्या अटीमागचा विचार मला फार आवडतो : गिऱ्हाइकासमोर कोणीतरी एक चेहरा उरलाच पाहिजे. मात्र दोन-तीन पक्ष एकदम जबाबदार ठरले तर त्यांच्यात प्रमाण कसे पाडायचे, ते हा कायदा सांगत नाही. तिथे पुन्हा जुनी तत्त्वेच हाताशी घ्यावी लागतात.

स्वयंपाकघरातला गॅस घ्या. सिलिंडर भरणारा कारखाना वेगळा, घरी पोचवणारी एजन्सी वेगळी, रेग्युलेटर, शेगडी आणि नारिंगी नळी बनवणारे वेगळे. त्या नळीवर मुदतीचे वर्ष छापलेले असते, ते आपल्यापैकी किती जण पाहतात? स्फोट झाला की पहिला अर्धा तास आग विझवण्यात जातो आणि पुढची पाच वर्षे टोलवाटोलवीत. एजन्सी म्हणते नळी जुनी होती, नळीवाला म्हणतो वायसर खराब होता, कारखाना म्हणतो ग्राहकाने सूचना पाळल्या नाहीत. ग्राहकाची खरोखर चूक असेल तर त्याचा हिस्सा वजा व्हावा. कलम ८७ गैरवापराचा बचाव विक्रेत्याला देतेच. पण भाजलेल्या बाईने कोणाची चूक किती, हे मोजून सिद्ध करत बसावे आणि तोवर पैशासाठी थांबावे, याला मी न्याय म्हणणार नाही.

याच विचाराचा एक धागा विम्याच्या कायद्यात आधीच आहे. चालकाकडे वैध परवाना नव्हता असा बचाव विमा कंपनी घेते, तेव्हा तिने तिऱ्हाइताला आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश न्यायाधिकरणे देऊ शकतात. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मार्ग पक्का केला. वसुलीची ताकद, वकील, वेळ हे सगळे कंपनीकडे असते. गवंड्याच्या बायकोकडे यातले काय असते?

हे पुस्तक मी तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या न्यायालयांत काम करणाऱ्या तरुण वकिलांसाठी लिहिले आहे, आणि ज्यांच्यावर असा प्रसंग ओढवला आहे त्यांच्या घरच्यांसाठीही. कायद्याचे शब्द शक्य तिथे न्यायालयाच्या रोजच्या मराठीत ठेवले आहेत : सामनेवाले, कैफियत, दरखास्त, पुरसिस. पंचनामा कसा वाचावा, या प्रकरणावर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली, कारण दोषाचे प्रमाण शेवटी त्या कागदावरच्या दोन-चार ओळींवर ठरते आणि त्या ओळी लिहिणारा हवालदार अनेकदा रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडात लिहीत असतो.

त्या बाईची दरखास्त पुढे काहीही वसूल न होता निकाली निघाली. ते ४० टक्के तिला कधीच मिळाले नाहीत.

तरुण मित्रांनो, अर्ज दाखल करण्यापूर्वी शेवटचे पान उघडा. ज्यांचा ज्यांचा हात आहे असे वाटते त्या सगळ्यांना सामनेवाले केले आहे ना, ते पाहा. मग विनंतीच्या कलमात ‘सामनेवाले यांनी वैयक्तिक व संयुक्तपणे’ हे शब्द टाइप झाले आहेत की नाही, ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. निकाल हाती आला की तेच शब्द आदेशातही शोधा, आणि नसतील तर अपिलाची मुदत संपण्याआधी उठा.